बर्फाचा स्फटिक वाफ होऊन उडून जाताना त्याचा पृष्ठभाग कसा बदलतो?

तुम्ही विचारलंय की संप्लवनात, म्हणजे बर्फ न वितळता थेट वाफ होऊन जातो तेव्हा, स्फटिक वाढला त्याच्या बरोबर उलट क्रमाने झिजतो का. तसं होत नाही, आणि मला यातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो.

वाढताना सपाट पैलूवर नवा थर सुरू व्हायला आधी काही रेणू एकत्र येऊन टिकावे लागतात. ते अवघड असतं, म्हणून पैलू सावकाश वाढतात आणि सपाटच राहतात. झिजताना ही अडचण उरत नाही. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या रेणूंना शेजारी कमी, त्यामुळे थर तिथूनच सुटायला लागतो. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये बर्फावरची एका रेणूथराची पायरी लेझर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने दाखवली. तिची उंची जेमतेम ०.३७ नॅनोमीटर! संप्लवनात अशाच पायऱ्या मागे हटत जातात.

मी हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहते, कक्षात पाण्याची थोडी वाफ ठेवता येते अशा. उणे ३० अंश सेल्सिअसला बर्फाचा बाष्पदाब, म्हणजे बर्फाशी समतोल राखणाऱ्या वाफेचा दाब, साधारण ३८ पास्कल असतो. तेवढी वाफ असेल तर स्फटिक जसाच्या तसा राहतो. दाब जरा उतरवला की आधी षटकोनाचे कोपरे गोलावतात. मग पैलूंवर उथळ खळगे उमटतात, घट्ट दह्यातून चमचा फिरवल्यावर उरतात तसे, आणि दोन खळग्यांमध्ये धारदार कंगोरा राहतो. स्फटिकाच्या रचनेत जिथे दोष असतो तिथले रेणू आधीच ताणात असतात, म्हणून तिथे वेगळे, खोल खड्डे पडतात. षटकोनी पैलूवर तेही बहुधा षटकोनीच. स्फटिक पुरता संपायच्या आत दाब पुन्हा वाढवला, तर खडबडीतपणा भरून येतो आणि पैलू परत उभे राहतात.

प्रयोग करणार असाल तर इलेक्ट्रॉन झोत एकाच जागी रोखून ठेवू नका. झोतानेही बर्फ तापतो आणि झिजतो, मग दिसणारा खड्डा संप्लवनाचा की झोताचा, हे सांगता येत नाही.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. उंचावरचे सिरस ढग बर्फाच्या स्फटिकांचेच असतात. स्फटिक खडबडीत असले तर ते गुळगुळीत स्फटिकांपेक्षा जास्त सूर्यप्रकाश अवकाशात परत पाठवतात, म्हणून हवामानाच्या गणितात हे खळगेही धरावे लागतात.