प्रादेशिक व्यापार गटात गेल्याने देशातल्या उद्योगांचं भलं होतं की नुकसान?

तुमचा कच्चा माल कुठून येतो आणि तयार माल कुठे जातो, यावर ते ठरतं. पण ‘गटात गेलं की आपले उद्योग बुडतात’ हे वाक्य माझ्या भागीदाराकडून इतक्यांदा ऐकलंय की प्रश्न दिसताच लिहायला बसलो.

आमचा व्हॉल्वचा छोटा कारखाना आहे. भारत आणि आसियान (थायलंड, मलेशिया वगैरे आग्नेय आशियाई देशांचा गट) यांच्यातला करार २०१० पासून लागू आहे, त्याखाली आम्ही थायलंडला माल पाठवतो. ड्यूटीची सवलत सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर, म्हणजे माल कुठला आहे याच्या दाखल्यावर मिळते, आणि त्यासाठी एफओबी किमतीत (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत) निदान ३५ टक्के वाटा भारताचा किंवा आसियानचा लागतो. (बाहेरच्या कच्च्या मालापेक्षा तयार मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वर्गीकरण क्रमांक, वेगळा असण्याची अटही आहे, ती आम्हाला अडत नाही.) एका ऑर्डरला भागीदाराने मला न विचारता चिनी कास्टिंग (ओतीव सुटे भाग) उचललं, स्वस्त पडतं म्हणून. मी कॉस्टिंग शीट काढली. बॉडी चिनी, बॉनेट चिनी, स्टेमसुद्धा बाहेरचा. आमचं मशिनिंग, असेंब्ली, टेस्टिंग, वर नफा धरूनही ३५ गाठेना. सर्टिफिकेटच्या कागदांवर सही करायला मी साफ नकार दिला. माल सर्टिफिकेटशिवाय गेला, गिऱ्हाइकाने तिकडे पूर्ण ड्यूटी भरली आणि आमच्या बिलातून कापून घेतली. तेव्हापासून भागीदाराचं पालुपद एकच, कराराने मारलं. अरे, कराराने नाही, तुझ्या खरेदीने!

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप या मोठ्या आशियाई व्यापार करारातून बाहेर राहिला तेव्हा सगळ्यात खूश हाच. त्या गटात चीन आणि आसियान दोन्ही आहेत. मलेशियातला कारखाना चीनमध्ये बनलेलं तेच कास्टिंग वापरून थायलंडला विकतो, तेव्हा आरसेपच्या हिशोबात ते घरचंच धरतात. आमच्या हातात आलं की परकं.

हां, आपण आत असतो तर तयार चिनी व्हॉल्वही कमी ड्यूटीत आला असता आणि फक्त देशात विकणाऱ्यांचं कंबरडं मोडलं असतं, हेही खरं. कच्च्या मालावर ड्यूटी जास्त आणि तयार माल कराराखाली बिनड्यूटीचा, ही ओरडही खोटी नाही.

तुम्ही कराराच्या सवलतीत आयात करत असाल तर कस्टम्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ओरिजिनची माहिती पाच वर्षं जपून ठेवा, नुसतं पुरवठादाराचं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. निर्यात करत असाल तर कॉस्टिंग शीट आधी, खरेदी नंतर. आणि धंदा भागीदारीत असेल तर खरेदीच्या ऑर्डरवर दोघांच्या सह्या हव्यात असं लेखी करून घ्या. आमच्याकडे आता तसंच आहे, भागीदाराची कुरकुर चालूच असते.