क्षारपड रानात पोटॅश देऊनही उसाची पाने का करपतात?

प्रश्न : वाळवा तालुक्यातील काही ऊस उत्पादकांनी विचारले आहे की, पोटॅशची मात्रा वाढवूनही जुन्या पानांच्या कडा करपतात. जमिनीतील सोडियम पिकात शिरल्याने हे होते म्हणावे, तर मुळांच्या पेशींत पालाशसाठी (पोटॅशमधील पोटॅशियमसाठी) स्वतंत्र वाहिन्या असतात, मग सोडियम आत शिरतो कसा?

उत्तर : पालाशच्या वाहिनीतून सोडियम जवळजवळ जातच नाही, आणि तोही आकाराने पालाशपेक्षा लहान असताना. यामागचे कारण अमेरिकन शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूतील अशाच वाहिनीची रचना उलगडून दाखवले. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती (विद्युतभारित कणाभोवती) पाण्याच्या रेणूंचे वेष्टण असते आणि वाहिनीच्या सर्वांत अरुंद भागात शिरताना ते उतरवावे लागते. तेथे ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले असतात की, पाणी सोडलेल्या पालाशला त्यांचा पाण्याइतकाच आधार मिळतो. लहानग्या सोडियमला मात्र ते चहूबाजूंनी नीट धरू शकत नाहीत, म्हणून तो आपले पाणी सोडत नाही आणि बाहेरच राहतो.

तो शिरतो दुसऱ्या वाहिन्यांतून, ज्या धनभारित आयनांत फारसा भेद करत नाहीत. पेशीची आतली बाजू ऋणभारित असल्याने तो तिकडे ओढला जातो. मुळांजवळ कॅल्शियम पुरेसे असेल, तर या वाहिन्यांतून येणारा सोडियम बराच कमी होतो. पाणी साचलेल्या रानात मात्र मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे आत आलेला सोडियम बाहेर टाकण्यासाठी लागणारी ऊर्जाही कमी पडते.

म्हणून पोटॅशची पोती वाढवण्याआधी माती परीक्षण अवश्य करावे, ही कळकळीची विनंती आहे. सामू (pH) ८.५ पेक्षा जास्त आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर जमीन चोपण झालेली आहे. अशा रानात आधी चर काढून निचऱ्याची सोय करावी, मगच अहवालातील शिफारशीप्रमाणे जिप्सम शेणखतासोबत वरच्या थरात मिसळून चांगले पाणी द्यावे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते, पण सुटलेला सोडियम निचऱ्यावाटे वाहून गेला नाही तर जिप्समचा खर्च वाया जातो. जमीन केवळ खारवट असेल, म्हणजे क्षार जास्त पण विनिमययोग्य सोडियम मर्यादेत असेल, तर जिप्समची गरज नसते. निचरा आणि गोडे पाणी पुरते. अहवालात पालाश खरोखरच कमी आढळला तर तो अवश्य द्यावा, परंतु क्लोराइड असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे.