चौकशा भरपूर, विक्री थोडी : ऑनलाइन मार्केटिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी ऑनलाइन जाहिरातीच्या धंद्यातल्या अडचणी विचारल्या आहेत. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमची हापूसची ८० कलमं आहेत. दलालाकडे न देता फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करून थेट विकतो. दिवसभर मेसेज येतात, फोन खाली ठेवायला फुरसत नसते, पण मे संपला की हातात काही उरत नाही. जाहिरात चुकते की दर? – देवगड तालुका

उत्तर : दोन्हींच्या आधी हिशेब चुकतो. एकाच बॉक्सचा हिशेब कागदावर मांडा. समजा, २ डझनांचा बॉक्स घरपोच १,८०० रुपयांना देता. दलालाकडे त्या फळाचे जे मिळाले असते ते आधी वजा करा, १,१०० धरू. घरचा आंबा म्हणून ही रक्कम शून्य धरतात आणि तिथेच फसगत होते. खोका, पेंढा, टेप आणि भरणाऱ्याची मजुरी ९०. पाव किलोचं फळ धरलं तर २ डझन ६ किलो होतात, खोक्यासह ७. पुण्या-मुंबईचं कुरिअर २२० धरा. ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४२. उरले ३४८. वीस बॉक्समागे एक बदलून द्यावा लागला तर फळ, खोका आणि कुरिअर पुन्हा, म्हणजे १,४१०. दर बॉक्सवर सुमारे ७०. उरले २७८. जाहिरातीसाठी तुमच्याकडे एवढेच पैसे आहेत.

आता जाहिरातीतून येणारा एक मेसेज २५ रुपयांना पडत असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून तो २९.५० रुपयांना पडतो. पंधरा चौकशांमागे एक गिऱ्हाईक मिळालं की त्या बॉक्सची जाहिरात झाली सुमारे ४४२ रुपये. दर बॉक्सला १६४ रुपये तोटा, आणि विक्री जितकी वाढेल तितका तो वाढणार. नऊ चौकशांमागे एक विक्री झाली तरच बरोबरी होते. तुमचे स्वतःचे आकडे यात घाला. उत्तर उणे आलं तर जाहिरातीचं बजेट वाढवून ते सुधारणार नाही.

चौकशी फुकट जाण्याची कारणं ठरलेली असतात. जाहिरातीत दर लिहिलेला नसतो, त्यामुळे निम्मे लोक दर ऐकूनच गप्प होतात. दर, वजन, फळांची संख्या आणि पोचवण्याचा दिवस चित्रातच लिहा. मेसेज कमी येतील, पण येतील ते घेणाऱ्यांचे. दुसरं, अख्खा महाराष्ट्र निवडू नका. जिथे कुरिअर दुसऱ्या दिवशी पोचतं तेवढीच शहरं ठेवा. एप्रिलच्या उन्हात तीन दिवस गाडीत पडलेला बॉक्स उघडला की वरचे आंबे डागाळलेले आणि खालचे चेपलेले निघतात.

तिसरं कारण बजेट तुकड्यांत वाटणं. मेटा म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी. तिच्या यंत्रणेला एका ॲड सेटमागे, म्हणजे एक बजेट आणि एक प्रेक्षकवर्ग ठरवलेल्या जाहिरातींच्या गटामागे, आठवड्याला साधारण ५० निकाल (इथे मेसेज) मिळाले तरच तिला योग्य माणसं ओळखता येतात. दिवसाला २०० रुपये आणि मेसेजला २५ म्हणजे दिवसाला ८, आठवड्याला ५६. एकच ॲड सेट ठेवला तर जेमतेम भागतं. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक असे चार केले तर प्रत्येकाला १४ येतात आणि एकही शिकत नाही. रोज बजेट किंवा चित्र बदललं की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. जाहिरात सात दिवस किंवा जास्त बंद ठेवली तरी तेच. म्हणून आंब्याची तोड कधी आणि किती निघणार ते बघून मगच जाहिरात सुरू करा.

साक्याबद्दल स्पष्ट बोलायलाच हवं. साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं. तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कितीही निवडून भरलं तरी तक्रार येणारच. पैसे घेण्याआधीच लिहून द्या : बॉक्स मिळाल्यावर फळ पिकून कापलं की त्याच दिवशी फोटो पाठवा, खराब निघालेल्या फळापुरते पैसे परत. अट आधी न सांगितल्यास दोन फळांसाठी अख्खा बॉक्स मागितला जातो आणि पेजवर वाईट शेरा पडतो तो वेगळाच.

नफा खरा होतो तो दुसऱ्या वर्षी. जुन्या गिऱ्हाइकाला मार्चमध्ये केलेल्या फोनला जाहिरातखर्च नसतो. वरच्या हिशेबातले २७८ रुपये पूर्ण हातात राहतात. म्हणून नाव, पत्ता, किती घेतलं, काय तक्रार होती याची वही ठेवा. आणि माल कमी पडला म्हणून बाहेरून आणलेला कर्नाटकी आंबा देवगडच्या नावाने पाठवू नका. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते नाव दुसऱ्या फळाला लावणं बेकायदा आहेच, शिवाय खाणाऱ्याला ते पहिल्या फोडीत कळतं.

प्रश्न : मी सहा होमस्टेंची पेजेस आणि जाहिराती सांभाळते. एका मालकाने डिसेंबरचा सीझन करून घेतला, जानेवारीत पासवर्ड बदलला आणि तीन महिन्यांची फी अडकवली. जाहिरातीचे पैसे माझ्या कार्डावरून गेलेत. आणखी एक जण म्हणतो, बुकिंगची हमी देशील तरच काम देतो. काय करावं? – मालवण

उत्तर : पासवर्डवर चालणारं काम हीच पहिली चूक. पेज, गुगल प्रोफाइल (गुगल मॅपवर दिसणारी धंद्याची नोंद) आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) मालकाच्या नावावर असावं, आणि मेटाच्या बिझनेस पोर्टफोलिओतून, म्हणजे धंद्याची पेजेस आणि जाहिरात खाती एकत्र सांभाळायच्या सोयीतून, तुम्ही पार्टनर म्हणून प्रवेश घ्यावा. पासवर्ड कुणाचाच कुणाला द्यावा लागत नाही आणि संबंध संपले की प्रवेश काढता येतो. जाहिरातीचा खर्च मालकाच्याच कार्डावर. तुमच्या कार्डावर तो घेतलात की तुम्ही त्याला बिनव्याजी कर्ज देता, आणि सीझन संपल्यावर ते फेडण्याची घाई त्याला नसते.

फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत आगाऊ. न आल्यास सहा तारखेला जाहिराती थांबतील. हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती मोफत आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. मात्र नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी. जुन्या थकबाकीसाठी बिलं, मेसेज आणि जाहिरातीच्या पावत्या जोडून आधी लेखी मागणी पाठवा, नंतर वकिलाची नोटीस.

हमी देऊ नका. जाहिरात फोन वाजवते. तो उचलणं, दर सांगणं, खोली मोकळी असणं हे मालकाच्या हातात असतं. प्रत्येक मालकाला एक तक्ता द्या : तारीख, कुठून फोन, कोणते दिवस, किती माणसं, काय दर सांगितला, का जमलं नाही. पंधरा दिवसांत खरं कारण समोर येतं. बऱ्याचदा ते जाहिरातीत नसतंच. वाडीत रेंज नाही म्हणून फोन लागत नाही, किंवा जेवणाचे दर विचारल्यावर 'आल्यावर बघू' असं उत्तर मिळतं.

वेळही बघा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. नाताळला यायचं म्हणणारं कुटुंब ऑक्टोबरच्या शेवटी तिकीट काढतं आणि त्याच आठवड्यात खोली शोधतं. डिसेंबरमध्ये सुरू केलेली जाहिरात उरल्यासुरल्या गर्दीला दिसते. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही पावसात बंद. जुलैच्या जाहिरातीत पॅरासेलिंगचा फोटो दिसला की पाहुणा चिडूनच परत जातो.

काही मालक खोट्या रिव्ह्यूंचा आग्रह धरतील. ठाम नकार द्या. गुगल असे रिव्ह्यू काढतं, काही काळ नवे स्वीकारणं थांबवतं आणि प्रोफाइलवर तशी सूचनाही लावतं. प्रोफाइलच्या नावापुढे 'मालवणमधलं सर्वांत उत्तम, बीचजवळ' अशी शेपटी जोडल्यामुळेही प्रोफाइल निलंबित होतं. पाटीवर आहे तेवढंच नाव लिहा.

प्रश्न : 'कॉपीराइटचा भंग झाला, २४ तासांत अपील करा' असा मेसेज आला. लिंक उघडून पासवर्ड टाकला आणि पेज गेलं. रात्रीत कुणीतरी आमच्या कार्डावर परदेशी जाहिराती चालवल्या. – गुहागर

उत्तर : आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. हा क्रम महत्त्वाचा, कारण पासवर्ड तुम्ही दिलेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारा तोटा तुमच्या माथी येत नाही. त्याआधीचा येऊ शकतो. मग मेटाच्या मदत केंद्रातून खातं हॅक झाल्याचं कळवा. पेज परत मिळायला दिवस लागतात, कधी मिळतही नाही.

पुढच्यासाठी : पेजवर विश्वासाचे दोन ॲडमिन ठेवा, म्हणजे एकाचं खातं गेलं तरी दार उघडं राहतं. दोन टप्प्यांची पडताळणी एसएमएसवर ठेवू नका. रेंज नसली की कोड येत नाही. फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा, आणि फोन हरवला तर खातं उघडायला लागणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. जाहिरात खात्याला खर्चाची मर्यादा घाला. जाहिरातीचं कार्ड वेगळं, त्यात महिन्यापुरतेच पैसे.

प्रश्न : दहा हजार नंबरांची यादी विकत घेऊन एका सॉफ्टवेअरने व्हॉट्सॲपवर काजू-कोकमाची जाहिरात पाठवली. दोन दिवसांत नंबर बंद झाला. – वेंगुर्ले

उत्तर : अनोळखी माणसं ब्लॉक आणि रिपोर्ट करतात म्हणून बंद झाला. ॲपमधून पुनर्विचाराची विनंती करा, पण तेच सॉफ्टवेअर पुन्हा वापरलंत तर नंबर कायमचा जाईल. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी घाला : नंबर जतन करा, नवा माल आला की कळवू. मोठ्या प्रमाणावर पाठवायचं तर व्हॉट्सॲपची अधिकृत बिझनेस सेवा आहे. तिथे मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो आणि दर मेसेजला पैसे पडतात. कोकमाचं आगळ, आंबापोळीसारखा बंद माल विकत असाल तर पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी किंवा परवाना क्रमांक हवाच.

प्रश्न : टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग दिलं की दिवसाला दोन हजार, सुरुवातीला भरायचे फक्त पाच हजार. हे ऑनलाइन मार्केटिंगच ना? – रत्नागिरी, विद्यार्थी

उत्तर : नाही, ही फसवणूक आहे. पहिले दोनशे-पाचशे खरंच देतात, विश्वास बसला की मोठी रक्कम भरायला लावतात आणि ती अडकवून सोडवण्यासाठी आणखी मागतात. पैसे भरले असतील तर आजच १९३० वर फोन करा, घरच्यांनाही सांगा.

प्रश्न : नोकरी सोडून चिपळूणला एजन्सी काढायची आहे. महिना ८,००० रुपये फी ठेवून दहा ग्राहक मिळाले तर ८०,००० होतील. बरोबर? – चिपळूण

उत्तर : तास मोजा. महिन्याला ४ रील आणि ८ पोस्ट कबूल केल्या, तर जाऊन चित्रीकरण ५ तास, रीलचं संपादन ६, पोस्ट ६, जाहिरातींवर रोज पाव तास म्हणजे ७ ते ८, फोन आणि मेसेज ४, अहवाल २. एका ग्राहकाला ३० तास. दहा ग्राहक म्हणजे ३०० तास; एकट्याला सहाच्या वर पेलत नाहीत. तासाला सुमारे २६५ रुपये पडतात, त्यातून पेट्रोल, फोन, सॉफ्टवेअर आणि इन्व्हर्टर जायचा. म्हणजे सहा ग्राहकांचे हातात ४८,००० येतात, तेही खर्च वजा न करता. दहा जण घ्यायचे तर माणूस ठेवावा लागेल आणि फी १२,००० च्या खाली परवडणार नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. सगळे ग्राहक होमस्टे आणि आंबेवाले असतील तर जूनमध्ये सहाही जण 'ऑक्टोबरला बघू' म्हणतील. निम्मे ग्राहक बारमाही धंद्यातले शोधा : दवाखाने, क्लासेस, फर्निचर, बांधकाम साहित्य, काजू कारखाने. हंगामी ग्राहकाशी करार वर्षाचा करा : सीझनमध्ये १२,०००, जून ते सप्टेंबर ४,०००, आणि त्या चार महिन्यांत पुढच्या सीझनचे फोटो, गुगल प्रोफाइलची दुरुस्ती आणि जुन्या पाहुण्यांची यादी हे काम करून द्या. करार सोडायला एक महिन्याची लेखी सूचना दोन्ही बाजूंना. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तोवर संध्याकाळी दोन ग्राहक सांभाळून बघा, आणि त्यांतला एक पावसाळ्यातही फी देणारा असू द्या.