सोलापुरातल्या जुन्या वाड्यात मोडी कागदांचं दप्तर सापडलं, त्यांचा काळ कसा ओळखायचा?

आधी एक विनंती: लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर अजिबात नको. सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवा. पूर्वीही दप्तरं रुमालातच बांधत, म्हणून तर कागदांच्या गठ्ठ्यालाच ‘रुमाल’ हा शब्द रूढ झाला.

आता काळ. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) असतो, तोही अरबी शब्दांत आणि एकक आधी. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ६ + ७० + १०० + १०००, सुहूर ११७६. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. त्यामुळे इसवी सन काढायला मृग ते डिसेंबरमधली तारीख असेल तर सुहूर सनात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंतची असेल तर ६००. म्हणजे इथे १७७५-७६. सोबत चंद्राचा दिवस दिलेला असतो, ‘छ’ लिहून. ती चंद्राची खूण असते, पण नवख्याला ते नुसतं अक्षरच वाटतं.

सोलापूरचा किल्ला मे १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, पण मोडी पुढेही शंभरेक वर्षं सर्रास चालली. तेव्हा मोडी दिसली की लगेच ‘पेशवेकालीन’ म्हणू नका. माझ्या आजोबांचं वाण्याचं खातंही मोडीतच होतं!

वाचून घ्यायचे असतील तर इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० साली स्थापलेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मूळ कागद नेण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पाठीमागची शेऱ्याची ओळ बरेचदा सुटते.