“यानंच आंदी मारलं होतं, त आता याची तक्रार कोन घेईन?”

असं आपल्या पोराबद्दल विचारणाऱ्या आया यवतमाळकडच्या खेड्यांतून माझ्याकडे सल्ल्यासाठी बऱ्याच येतात. त्यातल्याच एका मावशींची ही गोष्ट, ओळख बदलून.

शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या वादात त्यांच्या पोरानं चुलतभावाच्या डोक्यात बंडीची उभारी घातली होती. केस कोर्टात आहे. पोळ्याच्या करीला दारूच्या गुत्त्यापुढे त्याच चुलतभावाच्या माणसांनी याला गाठून हाणलं, विळ्यानं हात फाडला. गाव म्हणालं, फिटंफाट झाली.

मला ते पटत नाही. जुना गुन्हा असला तरी आज मार खाल्लेल्याची तक्रार घ्यावीच लागते. ठाण्यात घेत नसतील तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालानं पाठवता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम १७३ मध्येच ती सोय आहे. एका केसमध्ये आरोपी आणि दुसऱ्या केसमध्ये फिर्यादी असं एकाच माणसाचं नाव असू शकतं.

मार्विन वोल्फगँग या अभ्यासकानं फिलाडेल्फियातले १९४८ ते १९५२ मधले ५८८ खून तपासले होते. त्यातल्या साधारण चारांपैकी एकात आधी हात उचलणारा मेलेला माणूसच होता. म्हणून त्याचं मरण रास्त ठरत नाही. आणि मार खाल्लेला प्रत्येक जण काही मारकुटा नसतो, हेही मावशींना सांगितलं.

पोरगा सुरुवातीला गप्प. मग कळलं, लहानपणी बाप ओल्या पऱ्हाटीनं झोडायचा. आता मागून फटफटी आली की दचकतो, रात्री झोपत नाही, आणि कमरेला चाकू.

“कोनाले मारासाठी नाही, मॅडम. भेव लागते.”

मी ज्यावर अडून बसले ते हेच. भ्यायलेला माणूस दोन पेगांनंतर चाकू आधी काढतो आणि विचार मागून करतो. समोरचाही मग रिकाम्या हातानं येत नाही. चाकू आईकडे द्यायचा, गुत्त्याची वाट सोडायची, अंधार पडायच्या आत वावरातून घरी, एवढंच आधी ठरवलं. बापाचा विषय नंतर. झोपेसाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. गुत्ता अजून पूर्ण सुटलेला नाही.

चुलतभावाच्या बायकोकडेही निरोप धाडला आहे. डोकं त्याचंही फुटलं होतं, दचकत तोही असेल. अजून तिकडून कोणी आलेलं नाही.