रोज दहा इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करतोय, पण बोलताना एकही आठवत नाही. काय करू? आणि डिक्शनरी कोणती घेऊ?

रोजचे दहा म्हणजे वर्षाला साडेतीन हजार. तुम्ही यादीचा नमुनाही दिलाय: युबिक्विटस, मॅग्नॅनिमस, पर्स्पिकेशस. यातला शेवटचा मी छप्पन्न वर्षांत एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आणि त्यातली एकवीस वर्षं माझी परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करण्यात गेली. माणूस या शब्दांवर अडत नाही. 'हा तर येतोच की' असं वाटतं ना, त्या शब्दावर अडतो. मी अडलो होतो आणि ते प्रकरण आमच्या घरात अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

२००९ सालची गोष्ट. रबाळे एमआयडीसीत पंप बनवणारी एक कंपनी होती, तिथे मी एक्सपोर्टची कागदपत्रं बघायचो. राहायला कळव्याला, सकाळी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडायची. मी मराठी शाळेतला. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं (पहिलीपासून ते २००० साली आलं), घरी वडिलांनी हातात दिलेला तर्खडकर (इंग्रजी शिकायचं जुनं पुस्तक), बाकी जे काही आलं ते गिऱ्हाइकांची पत्रं वाचून. त्यामुळे मी साधं लिहायचो. साधं लिहिणाऱ्याचं नुकसान असं की त्याला काही येत नाही असं लोकांना वाटतं.

इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाची सहा पंपांची ऑर्डर होती. मोटर बदलली म्हणून बेस प्लेटच्या भोकांमधलं अंतर ३२० मिलिमीटरचं ३४० करावं लागलं. जुन्या अंतराचं, म्हणजे बी रिव्हिजनचं ड्रॉइंग त्यांनी आधीच मंजूर केलेलं. आता नव्या अंतराचं सी पाठवायचं आणि त्याला मंजुरी घ्यायची. मी मेल लिहिला: भोकांचं अंतर बदललं आहे, सोबतचं ड्रॉइंग तपासा आणि रिप्लाय द्या. आमचे साहेब कॉन्व्हेंटवाले. परदेशी जाणारा प्रत्येक मेल आधी छापून त्यांच्या टेबलावर ठेवायचा आणि ते लाल पेनाने सुधारायचे. त्यांनी 'रिप्लाय' खोडला.

"रिप्लाय काय? शाळेतलं पत्र आहे का हे? 'प्लीज रिव्हर्ट' लिही."

लिहिलं. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचं एका ओळीचं उत्तर आलं: 'रिव्हर्टेड टू रेव्ह. बी, ॲज रिक्वेस्टेड.' साहेब खूश. "बघ, आलं रिव्हर्ट," म्हणाले आणि सी ड्रॉइंग प्रॉडक्शनला सोडलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. इंग्रजाच्या इंग्रजीत 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं नव्हे. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, आधी होतं तसं करणं. मूळ लॅटिन, मागे वळणं. त्या माणसाने वाचलं ते असं: आम्ही अंतर बदललं होतं, पण कृपया पुन्हा पहिल्यासारखं करा. त्याने इमानदारीत केलं. त्याच्या सिव्हिलवाल्यांनी बी ड्रॉइंग धरून फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये बसवून टाकले. इकडे आम्ही सी धरून प्लेटांना भोकं पाडली. न्हावाशेव्याहून कंटेनर गेला आणि महिन्याभराने फोटो आला: क्रेनला लटकलेली प्लेट, खाली ताठ उभे बोल्ट, आणि दोन्हींत वीस मिलिमीटरचा फरक. सहाच्या सहा.

डेबिट नोट आली, मीटिंग झाली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मराठी मीडियमच्या माणसाकडून मेल लिहून घेतला की असंच होणार. तो लाल पेनाचा कागद माझ्या फाइलला लावलेला होता. 'रिप्लाय'वर काट, वर त्यांच्या अक्षरात 'रिव्हर्ट'. मी तो बाहेर काढला नाही. घराचे हप्ते चालू होते, मुलगी सातवीत होती. त्या वर्षी इन्क्रिमेंट गेलं ते गेलं. पुढे मी कंपनी सोडली, फाइल तिथेच राहिली.

हे सगळं बायकोने तिच्या भावाला सांगितलं, ती तिची चूक. मेव्हणा माझा नौपाड्याचा, शिक्षण इंग्रजीतून. गेली पंधरा वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत, पंगत बसली की त्याचं सुरू होतं: "आमच्या भाऊजींनी एका शब्दात सहा पंप बुडवले." मी म्हणतो, शब्द माझा नव्हता. तो म्हणतो, कागद दाखवा. आणि हाच माणूस रोज सकाळी साडेसातला फॅमिली ग्रुपवर 'आजचा शब्द' टाकतो, अर्थ आणि एका वाक्यासकट. तुमच्या यादीतले तिन्ही तिथे येऊन गेलेत. त्याच ग्रुपवर गणपतीच्या जेवणाला कोण कोण येणार ते विचारताना त्याने लिहिलं होतं, 'काइंडली रिव्हर्ट.' बायको मला बघत होती. मी काही बोललो नाही.

तर तुमचा प्रश्न. वहीत एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ असं लिहिता ना, तिथेच गोची आहे. पाऊस मुसळधार असतो आणि चहा कडक. मुसळधार चहा कुणी पीत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, ते दोन शब्द आपण कायम जोडीनेच ऐकले. इंग्रजीतही चहा स्ट्राँग आणि पाऊस हेवी. चूक 'मेक' करतात, 'डू' नाही. तेव्हा वहीत नुसतं 'हेवी = जड' लिहिलंत तर काही उपयोग नाही, अख्खा 'हेवी रेन' लिहा. आपल्याला वाक्यात वापरायचा असेल तो तुकडाच लिहायचा. रोज दहा नकोत, दोन पुरे, आणि त्या दोन्हींची दोन-दोन वाक्यं तुमच्या स्वतःच्या दिवसातली. बोलताना आठवत नाही म्हणता, कारण तो शब्द तुम्ही कधी वापरलेलाच नाही, फक्त ओळखता.

दुसरं, आपल्या बहुतेक चुका मराठीतून येतात, आणि ते एकदा कळलं की निम्मं काम होतं. लग्न कुणा'शी' होतं, म्हणून आपण 'मॅरिड विथ' म्हणतो, तिथे 'मॅरिड टू' हवं. एखाद्या विषया'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट', पण डिस्कसला अबाउट लागत नाही. 'शंका' आपल्याकडे दोन कामं करते, प्रश्न विचारायला आणि संशय घ्यायलाही, म्हणून वर्गात हात वर करून आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो. परक्या माणसाला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास दिसत नाही. पोरगं कॉलेजातून 'पास आउट' झालं हे अभिमानाने सांगाल, तर तिकडे विचारतील, शुद्धीवर आलं का?

काही शब्दांबद्दल तर इंग्रजी बोलणाऱ्यांचंच आपसात जमत नाही. मीटिंगमध्ये विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटिश माणसाच्या लेखी चर्चेला घेणं आणि अमेरिकन माणसाच्या लेखी बाजूला ठेवणं. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही! आमच्या प्रकरणात दोन्ही अर्थ एकदम लागू होते.

मेव्हण्याला आणखी एक सांगायचं राहिलंय. इंग्रजी काही त्याच्या शाळेची मालमत्ता नाही. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या मुंगसावरून गेलाय, कुठलीही बरी डिक्शनरी उघडून बघा, उगम मराठी लिहिलेला असतो. आणि आपली भाषा शिकायला गोऱ्या साहेबाने किती कष्ट घेतले! मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, मग सगळं पुन्हा तपासून १८५७ ला दुसरी आवृत्ती. त्याची प्रत मी पहिल्यांदा चाळली ती इन्क्रिमेंट गेलं त्या वर्षी. प्रत्येक शब्दाला तो कुठे, कसा, कुणाच्या तोंडी वापरतात ते सांगत बसलाय बिचारा. दहा दहाची यादी करून तो मराठी शिकला नसणार.

आता जरा सांभाळून घ्यायचं ते. बँकेच्या किंवा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेसाठी हे चाललं असेल तर माझं काही ऐकू नका, तिथे समानार्थी-विरुद्धार्थी विचारतातच, घोकंपट्टीला पर्याय नाही. आणि 'रिव्हर्ट' भारतातल्या भारतात खुशाल वापरा, सगळ्यांना कळतं. काही डिक्शनऱ्यांत आता 'भारतीय इंग्रजी' असा शेरा मारून तो अर्थ दिलेलाही असतो. 'प्रीपोन'चंही तेच. इथे झकास चालतो, बाहेर 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणा. भाषा अशीच बदलते. म्हणजे साहेबांचा शब्द चूक होता असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही, फक्त चुकीच्या माणसाला पाठवला होता.

अजून एक. हे मी मेव्हण्याला कधी सांगितलेलं नाही. गिऱ्हाइकाचं ते एका ओळीचं उत्तर मलाही सीसीत आलं होतं. 'टू रेव्ह. बी' मीही वाचलं होतं. 'रिव्हर्टेड' दिसलं आणि उत्तर आलं एवढं समजून पुढच्या मेलकडे वळलो. 'बी' कुठून आला, असं तेव्हा विचारलं असतं तर प्लेटा पाडायच्या आधी सगळं निस्तरलं असतं. लाल पेनाचा कागद मी मीटिंगमध्ये काढला नाही, त्याला घराच्या हप्त्यांइतकंच हेही कारण होतं.

डिक्शनरीचं राहिलंच. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स घ्या. मोठी, इंग्रजांसाठीची नको. ही डिक्शनरी ए. एस. हॉर्न्बी नावाच्या मास्तरांनी जपानमध्ये शिकवताना तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण बघून रचायला घेतली. १९४२ ला ती तोक्योत छापली गेली, ऑक्सफर्डने १९४८ ला काढली. म्हणजे पहिल्यापासून आपल्यासारख्यांसाठीच. शब्दाला पुढे कुठलं शब्दयोगी लागतं, तो कुणाबरोबर येतो, सगळं उदाहरणासकट आहे. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी चालेल. माझी होती, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. मेव्हण्याच्या मुलीने बारावीला असताना नेली, ती आता नोकरीला लागली तरी परत आलेली नाही.