चित्र, कविता आणि नाटक एकाच कोर्समध्ये, घालू का मुलीला?

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची आहे, चित्रं छान काढते. आता तिला वर्षभराच्या एका कोर्सला जायचंय, तिथे चित्रकला, साहित्य आणि नाटक-नृत्य तिन्ही एकत्र शिकवतात. मला वाटतं सगळीकडे थोडं थोडं करून शेवटी ना धड हे ना धड ते व्हायचं. त्यापेक्षा सरळ चित्रकलेचा क्लास बरा ना? आणि अशा कोर्समुळे अभ्यासातही मार्क वाढतात म्हणतात, खरंय का? (एक आई)

उत्तर: ताई, तुमची भीती अगदीच खोटी नाहीये. असे कोर्स दोन जातीचे असतात. एकात सोमवारी चित्र, बुधवारी कविता, शुक्रवारी नाटक, आणि शिकवणारे तिघं एकमेकांशी महिनोन्महिने बोलत नाहीत. मी अशा एका ठिकाणी दोन वर्षं चित्रकला शिकवलीये, माझीच मुलं नाटकाच्या तासाला काय करतात ते मला थेट गॅदरिंगला कळायचं. तिथे तुम्ही म्हणता तेच होतं.

दुसऱ्या जातीत एकच गोष्ट तिन्हीकडून फिरवून आणतात. म्हणजे बघा, वर्गाच्या मधोमध एक झिजलेली चप्पल ठेवली. आधी वीस मिनिटं कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता नुसती तिची बाहेरची रेघ काढायची. चित्र वेडंवाकडं येतं, येऊ दे, पण टाच बाहेरच्या बाजूनेच झिजलीये हे तेव्हा कुठे डोळ्याला दिसतं. मग तिच्यावर दहा ओळी लिहायच्या, त्यात चप्पल हा शब्द नको, आणि बिचारी, गरीब असली विशेषणं तर अजिबात नकोत. मग उठून ती घालणारा माणूस चालून दाखवायचा. एक मुलगा मस्त लंगडत निघाला, तर मागून एकजण ओरडली, अरे तू वजन आतल्या बाजूला टाकतोयस! सगळे परत आपापली चित्रं बघायला धावले. असा तास एकदा बघितला ना, की थोडं थोडं ही तक्रारच उरत नाही, कारण तिन्हीकडे शिकतायत ते एकच, नीट बघायला.

आणि हे काही आजचं खूळ नाही. १९१९ साली जर्मनीत वायमारला बाउहाउस नावाची कलाशाळा सुरू झाली, तिथे पुढे लाकूडकाम, विणकाम यांच्या जोडीला रंगमंचाचंही वर्कशॉप होतं आणि ऑस्कर श्लेमरसारखा चित्रकार ते चालवायचा. पण वर्कशॉपमध्ये जायच्या आधी सहा महिने पायाभूत कोर्स, त्यात रंग, पोत, आकार हाताने चाचपून बघायचे, त्यातून सुटका नाही. अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेज होतं, १९३३ ते १९५७, छोटंसंच. तिथे १९५२ मध्ये जॉन केज या संगीतकाराने जेवणाच्या हॉलमध्ये एक प्रयोग केला, एकाच वेळी कोणी कविता वाचतंय, कोणी नाचतंय, डोक्यावर टांगलेली चित्रकार रॉशेनबर्गची नुसती पांढरी चित्रं. नुसतं ऐकलं तर गोंधळ वाटेल, पण त्यातला एकेक जण आपापल्या कलेत बुडालेला होता. म्हणून शिकवणाऱ्यांची चौकशी कराच, कविता शिकवणारा स्वतः लिहितो का, नाटकवाला स्वतः नाटक करतो का.

मार्कांचं म्हणाल तर त्यासाठी घालू नका. २००० साली एलन विनर आणि लोइस हेटलंड या अमेरिकन संशोधिकांनी आधीचे ढीगभर अभ्यास एकत्र करून तपासले, तर चित्रकलेमुळे इतर विषयांचे मार्क वाढतात असा भक्कम पुरावा काही सापडला नाही. वर्गात गोष्टी नाटक करून शिकल्या तर मुलांची भाषा सुधारते, एवढं मात्र दिसलं. गणिताला बिचाऱ्या कलेच्या गळ्यात कशाला अडकवायचं?

गॅदरिंग बघून ठरवू नका, तिथे सगळंच चकाचक असतं. मधल्याच एखाद्या दिवशी तास बघायला मिळेल का विचारा आणि एखाद्या मुलाची वही चाळा. खोडलेलं, परत केलेलं, फाटून चिकटवलेलं काही दिसलं तर बिनधास्त नाव घाला, सगळी पानं स्वच्छ असली तर थांबा. चित्रकलेचा क्लास आधीपासून चालू असेल तर तोडू नका, चित्राला तिचा हात चालता हवा. आणि स्टेजची लाज वाटते म्हणाली तर लगेच कोर्स सोडवू नका, पहिली सहामाही पडदे रंगवू दे.